'रनवे'चे नाना अर्थ: सगळीकडे 'धावपट्टी' चालेल का?

शब्दवेल (धागाकर्ती)

मंडळी, परिभाषेच्या यादीत 'रनवे'पुढे 'धावपट्टी' एवढंच लिहून पुढे जाता येत नाही, म्हणून हा धागा. खालची सहा वाक्यं पाहा.

१. विमान सरकवलेल्या थ्रेशोल्डच्या अलीकडेच रनवेवर टेकलं.
२. लांब उडीचा रनवे किमान ४० मीटर हवा.
३. कंपनीकडे नऊ महिन्यांचा रनवे उरला आहे.
४. क्रेनच्या रनवेचा रूळ एका बाजूने झिजतोय.
५. मॉडेल रनवेच्या टोकाशी थांबून वळली.
६. उंदरांचे रनवे भिंतीच्या कडेने असतात.

सहाही ठिकाणी 'धावपट्टी' घातली तर निम्मी वाक्यं वाचणाऱ्याला चकवतील. त्या त्या कामातल्या जाणकारांनी सांगावं: प्रत्यक्षात काय म्हणतात, रनवे कुठून कुठपर्यंत मोजतात, आणि चूक नेमकी कुठे होते? नुसता प्रतिशब्द नको. वस्तू नीट कळली की शब्द शोधणं सोपं जातं.

छापील मजकुरातला आणखी एक घोळ: 'धावपट्टी' आणि 'धावपटू' इतके जवळ आहेत की मुद्रितशोधनात एकाच्या जागी दुसरा सहज निसटतो. त्यात क्रिकेटची 'खेळपट्टी' तिसरीच.

उंबरठा_०९

पहिलं वाक्य मी घेतो. विमानतळावर 'धावपट्टी' पक्का रुळलेला शब्द आहे, तो बदलू नये. 'थ्रेशोल्ड'ला मात्र खुशाल 'उंबरठा' म्हणा, अर्थ तंतोतंत जुळतो. डांबर किंवा काँक्रीट सुरू होतं तिथे उंबरठा असतोच असं नाही. जिथून पुढे विमान टेकवायला परवानगी आहे, ती रेषा म्हणजे उंबरठा. उतरण्याच्या वाटेत टेकडी, मनोरा किंवा इमारत येत असेल तर तो आत सरकवतात. अलीकडे उरलेल्या भागावर पांढरे बाण रंगवलेले असतात. तिथे टेकायचं नाही, पण उड्डाणाची धाव तिथूनच सुरू करता येते, आणि उलट बाजूने उतरलेलं विमान थांबायलाही तो भाग वापरतं. बाणांऐवजी पिवळे कोनाकार पट्टे दिसले तर तो भाग ना टेकण्यासाठी, ना धावण्यासाठी, ना टॅक्सी करण्यासाठी, म्हणजे जमिनीवरून सावकाश चालत जाण्यासाठी. बाण आणि कोन यांची गल्लत भाषांतरात फार वेळा दिसते.

आता क्रमांक. धावपट्टीचा आकडा म्हणजे चुंबकीय दिशा, जवळच्या दहा अंशांत बसवलेली आणि शेवटचं शून्य काढलेली. पूर्वेकडे धावत असाल तर ०९, त्याच पट्टीवर पश्चिमेकडे धावत असाल तर २७. दोन टोकांत नेहमी १८चा फरक. उत्तरेला ०० नाही, ३६ लिहितात. समांतर पट्ट्यांना डावी, मधली, उजवी अशी अक्षरं लागतात, आणि एका टोकाची 'डावी' दुसऱ्या टोकाकडून 'उजवी' होते. पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव सरकतो, त्यामुळे पट्टी जागची न हलता तिचा आकडा बदलतो. लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळाची ०५/२३ ही पट्टी २००९ साली ०४/२२ झाली. म्हणून जुन्या मजकुरातला क्रमांक 'चुकीचा' समजून परस्पर सुधारू नका. आधी साल पाहा.

उंबरठ्यावर पियानोच्या पट्ट्यांसारखे पांढरे पट्टे असतात, तेही नुसती सजावट नव्हे. संख्येवरून रुंदी कळते: ३० मीटरला ८, ४५ मीटरला १२, ६० मीटरला १६.

कवडसा

एक शंका. बातमीत 'धावपट्टीची लांबी ३००० मीटर' असं येतं. ती उतरण्याची असते की उडण्याची?

उंबरठा_०९

प्रश्न महत्त्वाचा आहे. एका पट्टीला प्रत्येक दिशेने चार जाहीर लांब्या असतात. फरसबंदी ३००० मीटर आहे, अलीकडचा उंबरठा ३०० मीटर आत सरकवलेला आहे, पलीकडच्या टोकाला ६० मीटरचा स्टॉपवे आहे आणि त्याच टोकापासून अडथळामुक्त क्लिअरवे २०० मीटर आहे, असं धरा. मग:

उड्डाणाची धाव (टोरा): ३००० मीटर
उड्डाणाचं एकूण अंतर (टोडा): ३००० + २०० = ३२०० मीटर
धाव सोडून थांबण्याचं अंतर (आसडा): ३००० + ६० = ३०६० मीटर
उतरण्याचं अंतर (एलडीए): ३००० − ३०० = २७०० मीटर

क्लिअरवे म्हणजे रस्ता नव्हे. त्यावरून विमान चाकं उचलून चढत जातं, म्हणून तो पाण्यावरही असू शकतो. स्टॉपवे मात्र विमानाचं वजन पेलणारा हवा, कारण धाव अर्ध्यात सोडलेलं विमान त्यावर थांबणार असतं. दोन्हींना मराठीत 'मोकळी जागा' लिहिलं की अर्थ बुडाला.

पट्टी किती लांब बांधायची याचा ढोबळ हिशेबही इथेच देतो, कारण 'उंचावर लांब पट्टी का लागते' हा प्रश्न हमखास येतो. समुद्रसपाटीला, प्रमाण तापमानाला, सपाट जमिनीवर लागणारी लांबी मूळ धरायची. दर ३०० मीटर उंचीला ७ टक्के वाढ. मग त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा तिथलं संदर्भ तापमान जितके अंश जास्त, तितके टक्के वाढ. मग उताराच्या दर १ टक्क्याला १० टक्के वाढ. मूळ २००० मीटर, उंची ६०० मीटर: १४ टक्के धरून २२८०. तिथलं प्रमाण तापमान साधारण ११.१ अंश, संदर्भ २५ अंश, फरक १३.९: लांबी २५९७. उतार अर्धा टक्का, म्हणजे आणखी ५ टक्के: सुमारे २७२७ मीटर. टक्केवाऱ्या एकत्र बेरजेने लावायच्या नाहीत, एकावर एक चढवायच्या. संदर्भ तापमान म्हणजे सर्वांत उष्ण महिन्यातल्या रोजच्या कमाल तापमानांची सरासरी, वर्षातला एखादा विक्रमी दिवस नव्हे. उंची आणि तापमान मिळून वाढ ३५ टक्क्यांपुढे गेली तर हा ढोबळ हिशेब सोडून स्वतंत्र अभ्यास करावा लागतो.

कारण सरळ आहे. उंचावर आणि उन्हात हवा विरळ. पंखाला तेवढीच उचल मिळवायला जास्त वेग लागतो आणि इंजिनाचा जोर मात्र घटतो. दोन्ही बाजूंनी मार बसतो.

ओला_सुका

ओल्या पट्टीबद्दल भर घालतो, कारण 'विमान घसरलं' या दोन शब्दांत वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात.

पाण्याचा थर टायरखालून वेळेत बाहेर पडला नाही तर टायर पाण्यावर तरंगतो. फिरत्या टायरसाठी हा वेग अंदाजे ९ गुणिले टायरच्या दाबाचं वर्गमूळ. दाब पौंड प्रति चौरस इंच, वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत. २०० दाबाला सुमारे १२७ नॉट. यापुढे ब्रेक दाबूनही उपयोग नाही, कारण रबर जमिनीला लागलेलंच नसतं. म्हणून पृष्ठभागावर आडव्या खाचा पाडतात. रूढ माप ६ मिमी रुंद, ६ मिमी खोल, मध्यापासून मध्यापर्यंत ३८ मिमी. टेकण्याच्या टापूत टायरचं वितळलेलं रबर याच खाचांत भरत जातं. तिथे वाकून पाहिलं तर खाचेची कड दिसेनाशी होऊन काळा गुळगुळीत थर दिसतो. पाणी तिथेच तुंबतं. ते रबर जोराच्या पाण्याने किंवा रसायनाने वेळोवेळी काढावं लागतं.

नोव्हेंबर २०२१पासून पट्टीची अवस्था सांगायची जागतिक पद्धत एकसारखी झाली. पट्टीचे तीन भाग पाडून प्रत्येकाला ६ ते ० असा आकडा देतात. ६ म्हणजे कोरडी, ५ म्हणजे ३ मिमीपर्यंत ओल, २ म्हणजे ३ मिमीपेक्षा जास्त साचलेलं पाणी, ० म्हणजे ओला बर्फ. '५/५/२' ऐकलं तर शेवटच्या तृतीयांशात पाणी साचलंय, म्हणजे नेमकं थांबण्याच्या जागी. हे आकडे भाषांतरात 'गुण' म्हणून सरासरी काढून देऊ नयेत. सरासरीने धोका झाकला जातो.

आणि 'एक्सकर्शन' व 'इन्कर्शन' वेगळे ठेवा. पहिल्यात विमान पट्टीबाहेर जातं, दुसऱ्यात पट्टीवर नको ते वाहन, माणूस किंवा विमान येतं. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावर एका विमानाने परवानगीविना उड्डाणाची धाव घेतली, तेव्हा दुसरं त्याच पट्टीवर होतं. ५८३ जण गेले. 'टेकऑफ' हा शब्द आता फक्त ती परवानगी देताना किंवा रद्द करताना उच्चारतात, एरवी 'डिपार्चर' म्हणतात. एका शब्दाच्या शिस्तीची किंमत एवढी मोठी असू शकते, म्हणून परिभाषेत हयगय नको.

सातवी_लेन

दुसरं वाक्य. मैदानावर 'रनवे' सर्रास म्हणतात, मराठीत 'धावमार्ग' लिहावं. 'धावपट्टी' कानाला विमानतळाची वाटते आणि 'ट्रॅक' म्हणजे गोल मार्ग, तोही नव्हे.

लांब उडी आणि तिहेरी उडी: धावमार्ग किमान ४० मीटर, रुंदी १.२२ मीटर, दोन्ही बाजूंना ५ सेंमीच्या पांढऱ्या रेषा. ४० मीटर मोजायचे ते उडीच्या रेषेपासून मागे, वाळूच्या कडेपासून नाही. ही चूक मैदान आखताना सर्रास होते. लांब उडीत पाऊल टेकवून उडी घ्यायची फळी वाळूच्या जवळच्या कडेपासून १ ते ३ मीटरवर असते, तिहेरीत पुरुषांना १३ आणि महिलांना ११ मीटरवर. वाळूकडून मोजलं तर तिहेरीच्या पुरुषांचा धावमार्ग २७ मीटरच उरतो. धावण्याच्या दिशेने उतार हजारात एकपेक्षा जास्त चालत नाही, नाहीतर उताराचाच फायदा मिळतो.

फळी २० सेंमी रुंद, जमिनीशी समतल. ती दोन-तीन मिलिमीटर जरी वर राहिली तरी बुटाचे खिळे अडकतात, खाली राहिली तर टाच खचते. आखणी झाली की फळीवर सरळ पट्टी आडवी ठेवून खाली उजेड दिसतो का पाहावं, डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये. नोव्हेंबर २०२१पासून फाऊल ठरतो तो पाऊल उडीच्या रेषेवरून जाणाऱ्या उभ्या पातळीच्या पुढे गेलं तर. फळीपुढच्या प्लॅस्टिसिनवर (मऊ मातीसारख्या थरावर) नुसती उमटलेली खूण हा आता निकष नाही.

खेळाडूला खुणेसाठी दोन चिन्हं ठेवता येतात, पण धावमार्गाच्या बाजूला. मार्गावर नाही, आणि खडूने अजिबात नाही. वाऱ्याचा मापक उडीच्या रेषेपासून २० मीटर मागे, १.२२ मीटर उंचीवर, मार्गापासून २ मीटरच्या आत. लांब उडीत खेळाडू ४० मीटरच्या खुणेवरून गेला की ५ सेकंद वारा मोजायचा, तिहेरीत ३५ मीटरवरून.

भालाफेकीचा मार्ग निराळाच: ४ मीटर रुंद, किमान ३० मीटर लांब, पुढे ८ मीटर त्रिज्येचा कंस. जिम्नॅस्टिक्सच्या व्हॉल्टचा २५ मीटर लांब, १ मीटर रुंद. क्रिकेटमध्ये गोलंदाज घेतो तो 'रनअप'. ती धाव आहे, जागा नव्हे. तिथे 'रनवे' लिहू नये.

लोखंडी

क्रेनचं मी सांगतो. कारखान्यात डोक्यावरून सरकणाऱ्या क्रेनला दोन बाजूंना लांबच्या लांब गर्डर, म्हणजे लोखंडी तुळया लागतात, त्यावर रूळ. या सगळ्याला मिळून रनवे. कामगार 'गँट्री' किंवा 'गँट्री गर्डर' म्हणतात. मराठी मजकुरात 'क्रेनमार्ग' समजतो, 'धावपट्टी' लिहिलंत तर फिटर गोंधळेल.

इथे लांबीपेक्षा दोन रुळांमधलं अंतर जिवाचं. ते काही मिलिमीटरने कमीजास्त झालं, किंवा एक रूळ दुसऱ्यापेक्षा वर बसला, की क्रेन तिरकी चालते. मग चाकाची कड रुळाच्या बाजूला घासते. रुळाखाली गर्डरवर चकचकीत लोखंडी भुकटी पडलेली दिसली की समजायचं, रूळ नुसता बदलून भागणार नाही. आधी पातळी आणि अंतर मोजा, मग क्लिपा सैल आहेत का पाहा, मग दोन्ही बाजूंच्या मोटरी सारख्या वेगाने फिरतात का पाहा. याच क्रमाने. उलट केलं तर नवा रूळही तसाच झिजतो. शब्दवेल, तुमच्या चौथ्या वाक्यात 'एका बाजूने झिजतोय' हा तपशील बरोबर आहे, तो भाषांतरात गाळू नका. झीज कोणत्या बाजूला आहे यावरच निदान अवलंबून असतं.

टोकाला थांबे असतात. ते मर्यादा-स्विच (टोक जवळ आलं की क्रेन आपोआप थांबवणारा) बिघडला तर शेवटचा उपाय म्हणून, रोज आपटून थांबायला नाहीत.

पडद्यामागे

फॅशनमध्ये बोलताना 'रॅम्प' म्हणतात, 'रॅम्प वॉक' तर पार मराठी झालाय. मूळ अर्थाने रॅम्प म्हणजे चढ, आणि हा मार्ग तर सपाट असतो. पण रुळलेला शब्द बदलायचा आग्रह धरू नये. 'कॅटवॉक' हा अरुंद पुलासारख्या मार्गाचा शब्द, म्हणून रंगमंचाच्या छताखालच्या दिवेवाल्यांच्या वाटेलाही तोच वापरतात. संदर्भ पाहूनच लिहा.

व्यवहारातली काळजी दोनच ठिकाणी. पहिली, फळ्यांचे सांधे: उंच टाच सांध्यात अडकते, म्हणून वरून अखंड आवरण ताणून घालतात आणि कडा खाली वळवून ठोकतात. दुसरी, चकाकी: पांढरं गुळगुळीत आवरण फोटोत छान दिसतं आणि नव्या बुटाच्या तळाखाली निसटतं. बुटांचे तळ आधी खरवडून घेतात किंवा खाली खरखरीत पट्टी चिकटवतात. आवरणावर प्लॅस्टिक अंथरलेलं असतं, ते शो सुरू होण्याच्या अगदी आधी काढतात, नाहीतर पाहुण्यांच्या पावलांचे ठसे पहिल्याच फोटोत येतात. छायाचित्रकारांचा पायऱ्यांचा मंच टोकाला समोर असतो, म्हणून मॉडेल तिथे थांबते. पाचव्या वाक्यात 'टोकाशी थांबून' आहे ते याचमुळे.

शिल्लक

तिसऱ्या वाक्यात रनवे म्हणजे वेळ. 'पैसे पुरण्याचा काळ' किंवा सुटसुटीत 'तग'. 'कंपनीकडे नऊ महिन्यांची तग आहे' हे बोलून पाहा, कानाला खटकत नाही.

गणित: हातातली रोकड भागिले महिन्याची निव्वळ घट. रोकड १२०, महिन्याला जाणारे १४, येणारे ४, घट १०, म्हणून १२ महिने. इथेच बहुतेक जण फसतात, कारण घट स्थिर राहत नाही. दर महिन्याला ती १ ने वाढत गेली तर १०, ११, १२ असं करत आठ महिन्यांत १०८ जातात आणि नवव्यात रोकड संपते. शिवाय काम बंद करायची वेळ आली तर द्यावे लागणारे पगार, कर, करारांची देणी यासाठी १५ बाजूला ठेवले तर वापरायला १०५च, आणि आठव्या महिन्यात तुम्ही राखीव रकमेला हात घालता. बारा म्हणता म्हणता सातच महिने पूर्ण मोकळे मिळाले.

म्हणून भागाकार करून थांबू नका, महिन्यांचा तक्ता मांडा. येणं असलेली पण हाती न आलेली रक्कम रोकडीत धरू नका. वर्षातून एकदाच भरायच्या रकमा त्या त्या महिन्यात लिहा, बाराने भागून पसरू नका. रोकड सरासरीने संपत नाही, एका ठरावीक तारखेला संपते. गुंतवणूक उभी करायला महिने लागतात, तेवढे मागे मोजून आजच सुरुवातीची तारीख ठरवा.

उंबरठा_०९

शिल्लक, तुमचा राखीव भाग आणि आमचा टोकापलीकडचा सुरक्षा पट्टा एकाच जातीचे. पट्टीभोवतीच्या मोकळ्या जागेपुढे तो किमान ९० मीटर लागतो, मोठ्या पट्ट्यांना २४० मीटरची शिफारस आहे. जागा नसेल तर चाकाखाली चुरडणारं हलकं काँक्रीट टाकतात. पण उड्डाणाचा हिशेब करताना हा भाग कधीच धरत नाहीत.

शब्दवेल

'तग' आवडला. 'क्रेनमार्ग' आणि 'धावमार्ग'ही घेते. आणखी एक त्रास: 'रनवे' आणि 'रनअवे'. बॅटरीच्या मजकुरात 'थर्मल रनवे' छापलेलं सापडतं.

ओला_सुका

ती चूक गंभीर आहे. 'थर्मल रनअवे' म्हणजे उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते, क्रियेने आणखी उष्णता, आणि चक्र हाताबाहेर जातं. 'अनियंत्रित तापवाढ' लिहावं. घाटात ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी खडीचा चढ करतात, तिथेही 'रनअवे'च. देवनागरीत एका 'अ'चा फरक, अर्थ पार उलटा: एक आखून दिलेला मार्ग, दुसरं आवाक्याबाहेर गेलेलं काहीतरी.

आणि 'रनवे' हे विशेषनामही आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१८ साली सुरू झालेली, व्हिडिओ बनवणारी एआय मॉडेलं काढणारी कंपनी. तिथे 'धावपट्टी' करू नका.

बांधावरून

सहावं राहिलं. प्राण्यांची रुळलेली वाट हा इंग्रजीतला जुना अर्थ, विमानांच्या कितीतरी आधीचा. आपल्याकडे 'वाट' किंवा 'वावर' पुरे. उंदीर उघड्यावरून जात नाहीत, भिंतीला अंग घासत जातात. त्या घासण्याने भिंतीवर तेलकट काळपट पट्टा उमटतो. पट्टा ताजा असेल तर बोटाला लागतो, जुना असेल तर सुकून पापुद्रा सुटतो. सापळा भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे करून ठेवायचा. भिंतीला समांतर ठेवलेल्या सापळ्याचा चाप एकाच बाजूला असेल तर मागून येणारा उंदीर त्यावरून सरळ निघून जातो. पहिले काही दिवस चाप न चढवता नुसतं आमिष ठेवावं, कारण घुशी आणि मोठे उंदीर वाटेवर आलेल्या नव्या वस्तूला टाळतात.

कवडसा

सातवी_लेन, पोल व्हॉल्टचा धावमार्ग राहिला. बांबू रोवायच्या पेटीपासून तो मोजतात का? पेटी तर तिरकी असते.

सातवी_लेन

म्हणूनच पेटीच्या सुरुवातीपासून मोजत नाहीत. पेटीच्या मागच्या उभ्या फळीच्या वरच्या आतल्या कडेला जुळवून १ सेंमी रुंद रेषा आखतात, तीच 'शून्य रेषा'. धावमार्ग त्या रेषेपासून मागे किमान ४० मीटर, जागा असेल तर ४५. आडवी दांडी पुढे-मागे सरकवतात तीही याच रेषेपासून, उतरण्याच्या गादीच्या बाजूला ८० सेंमीपर्यंत. पेटीच्या अलीकडच्या कडेपासून टेप लावली तर दोन्ही मापं चुकतात.